काळोखाची किंमत

आमच्या घरात नव्या टीव्हीचा विषय निघाला तो २०२५ सालच्या घटस्थापनेच्या दिवशी. मुहूर्त चिरंजिवांनी आधीच हेरून ठेवला होता. त्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला, बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. सकाळी घट बसले, आरती झाली, आणि प्रसादाचे खोबरे तोंडात असतानाच चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता तरी ओलेड घ्यायचा ना?"

माझ्या आईला हल्ली थोडे कमी ऐकू येते. ती घटाच्या मातीवर पाणी शिंपडीत होती. मान वर करून तिने विचारले, "काय वलं झालं रं?"

"वलं नाही आजी, ओलेड. नवा टीव्ही."

"आणा बाबा, आणा," आई म्हणाली. "ह्या टीव्हीतलं मला तर काहीच दिसंना गेलंय. काचंवर धूर बसल्यावानी दिसायलंय सगळं."

हे तिचे गाऱ्हाणे नवे नव्हते. उन्हाळ्यापासून ती तेच म्हणत होती. आम्ही दोनदा काच पुसली. मग चिरंजिवांनी उजेड वाढवून दिला, तर म्हणाली, डोळ्यावर येतंय. कमी केला, तर म्हणाली, त्या बायांची तोंडं ओळखू येईनात. मालिकेतल्या सासवा-सुना तिने आवाजावरून ओळखायला सुरुवात केली होती, आणि आम्ही त्यावर थट्टा करीत होतो. आमचा टीव्ही बत्तीस इंची, नऊ वर्षांपूर्वी घेतलेला. आईचा दिवाण त्याच्या समोर नाही, एका बाजूला, खिडकीखाली. तेव्हा दोष टीव्हीचा, याविषयी घरात कोणाला शंका नव्हती.

शिरूर म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकांना घोडनदीकाठचे शिरूर आठवते. आमचे ते नव्हे. आमचे शिरूर कासार. बीड जिल्ह्यातले, सिंदफणेच्या काठचे, तालुक्याचे गाव. येथे टीव्हीच्या चित्राविषयीचे असमाधान फार जुने आहे. मुंबईला दूरदर्शनचे केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या आळीत टीव्ही दिसायला त्यानंतर पुष्कळ वर्षे जावी लागली. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. आळीत एकच काळा-पांढरा संच. रविवारी सकाळी त्या घराच्या ओसरीपुढे चपलांचा ढीग पडे. एक जण माळवदावर उभा राहून अँटेना फिरवी आणि दुसरा दारातून ओरडे, "आलं, आलं... गेलं! मुंग्या आल्या!"

पुढे आमच्याही घरी तसा संच आला. तेव्हा वडिलांनी बाजारातून एक प्लॅस्टिकचा रंगीत कागद आणून त्याच्या काचेवर लावला. वरचा पट्टा निळा, मधला तांबूस, खालचा हिरवा. आभाळ निळे दिसावे, माणसे तांबूस दिसावीत आणि जमीन हिरवी दिसावी, अशी ती योजना. माणूस जवळून दाखवला की त्याचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी होई. तरी चार शेजारी येऊन पाहून गेले, आणि "रंगीत घेतला वाटतं" असे म्हणून गेले. वडील आज नाहीत. त्या कागदाला त्यांनी किती पैसे मोजले ते मला कधी कळले नाही; पण चित्र जरा बरे दिसावे म्हणून पदरचे पैसे घालण्याची खोड मला त्यांच्याकडूनच मिळाली असावी.

ती खोड जागी झाली त्याच उन्हाळ्यात, पुण्याला. माझी थोरली बहीण तेथे असते. दाजी संगणकाच्या कंपनीत आहेत आणि कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी महिनाभर तिचा अभ्यास करतात. त्यांनी पंचावन्न इंची ओलेड घेतला होता. दिवसा पाहिला तेव्हा मला त्यात विशेष काही दिसले नाही. उलट काचेत समोरची खिडकी आणि माझे टक्कल दोन्ही स्पष्ट उमटले होते. "आत्ता नका पाहू, रात्री दाखवतो," दाजी म्हणाले. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी पडदे ओढले, दिवे घालवले आणि 'तुंबाड' लावला.

राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट मी पूर्वी घरच्या टीव्हीवर पाहिलेला होता. सगळा पाऊस, पडका वाडा आणि दिव्यांचा तोकडा उजेड. घरी पाहताना मला त्यात एक राखाडी धुके दिसले होते आणि त्या धुक्यात हालणारी माणसे. पुण्याला त्या रात्री पडद्याची चौकटच नाहीशी झाली. खोलीतला काळोख कोठे संपला आणि चित्रातला कोठे सुरू झाला ते कळेना. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या हातातल्या उजेडाने भिंतीचा जेवढा तुकडा उजळे तेवढाच दिसे, बाकी मिट्ट. मी मराठीचा मास्तर. अंधाराला आपल्या भाषेत किती शब्द आहेत ते वर्गात सांगतो. आमच्या घरच्या टीव्हीला त्यांतला एकही येत नाही. त्याला फक्त करडा येतो.

असे का होते, ते दाजींनी मला समजावून सांगितले. मी ते दिवाळीच्या भाषेत सांगतो. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात पडद्यामागे दिवे सतत जळत असतात आणि पुढे बारीक बारीक झडपा असतात. पांढरे दाखवायचे असेल तेथे झडप उघडते, काळे दाखवायचे तेथे मिटते. पण मागे गॅसबत्ती ढणढणत असली की झडप कितीही घट्ट लावा, फटीतून उजेड येतोच. म्हणून त्या टीव्हीतली अमावास्या नेहमी अष्टमीसारखी दिसते. ओलेडमध्ये मागे गॅसबत्तीच नाही. पडद्याचा एकेक ठिपका ही एकेक पणती. हव्या त्या लावायच्या, नको त्या साफ विझवायच्या. आणि विझलेल्या पणतीतून उजेड येत नाही. ज्याला फोर-के म्हणतात त्या पडद्यावर अशा आडव्या ३८४० आणि उभ्या २१६० पणत्या असतात. गुणाकार केला तर ८२,९४,४०० होतात. प्रत्येकीच्या आत पुन्हा निरनिराळ्या रंगांच्या वाती, त्या वेगळ्या.

ओलेड या नावातला पहिला 'ओ' ऑर्गॅनिकचा, म्हणजे सेंद्रिय. हे ऐकून आमच्या स्टाफरूममधल्या एका स्नेह्यांनी, याला शेणखत घालावे लागते काय, असे गंभीरपणे विचारले. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगे. अशा संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून वीज गेली की ते थर स्वतःच उजळतात. चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या ईस्टमन कोडॅकच्या दोन संशोधकांनी थोड्या व्होल्टवर हे साधून दाखवले आणि त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९८७ मध्येच. आम्ही ओसरीवर दाटीवाटीने 'रामायण' पाहत होतो, त्याच वर्षी. त्यातून विकाऊ टीव्ही व्हायला वीस वर्षे गेली. २००७ मध्ये सोनीने जपानात अकरा इंची संच काढला. पडदा तीन मिलिमीटर जाडीचा आणि किंमत दोन लाख येन. पंचावन्न इंची संच एलजीने बाजारात आणले ते २०१३ मध्ये. तेव्हापासून किमती उतरत आल्या आहेत. उतरल्या म्हणजे किती, ते पाहायला मी आणि चिरंजीव घटस्थापनेनंतरच्या एका दुपारी बीडला गेलो.

दुकानदार मोठा जाणता माणूस. त्याने आम्हांला तीन संच ओळीने दाखवले. तिन्ही पंचावन्न इंची. पहिला साधा, चाळीस हजारांच्या आतबाहेर. दुसरा मिनी-एलईडी, सत्तर हजारांच्या पुढे. यात मागची एक गॅसबत्ती जाऊन तिच्या जागी शेकडो छोटे दिवे आलेले असतात आणि चित्राच्या मानाने ते गटागटाने मंद-प्रखर होतात. तिसरा ओलेड, सव्वा लाख. करकपातीने यात सुमारे साडेदहा हजार वाचले होते. तेवढे सोडले तरी पहिल्या आणि तिसऱ्यात पंच्याऐंशी हजारांचे अंतर राहिले. प्राध्यापकाचा पगार चांगला असतो अशी लोकांची समजूत आहे आणि मी ती मोडू इच्छीत नाही. पण पंच्याऐंशी हजार म्हणजे आमच्या घरी चर्चेची बाब होते.

"सर, साध्या टीव्हीत दोष काय, ते ऐका," दुकानदार म्हणाला. "एक, काळं काळं दिसत नाही, चित्रावर धुरकट पापुद्रा येतो. दोन, बाजूला बसलेल्याला फिकं दिसतं. तीन, ह्या मधल्या जातीत काळ्यावर पांढरं आलं की त्याच्याभोवती उजेडाचं कडं पडतं. ओलेडमध्ये तिन्ही नाही."

वाचकहो, हे ऐकून मी चमकलो. धुरकट पापुद्रा! बाजूला बसलेला माणूस! आईचेच गाऱ्हाणे तो पाठ म्हणून दाखवीत होता. माझ्या मनातला हिशेब तेथेच फिरला. आपल्याला चैन म्हणून नको, पण आईचे उतारवय. तिचा दिवस त्या पडद्यासमोर जातो. तिला नीट दिसावे म्हणून पंच्याऐंशी हजार जास्त गेले तर गेले. मध्यमवर्गीय माणसाला चैन करायची असली की तो आधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा आधार शोधतो. मी तेच केले. मनात 'तुंबाड' होताच.

निघता निघता चिरंजिवांनी एक शहाणपणाचे काम केले. दुकानात लावतात ती चित्रफीत मुद्दाम केलेली असते. काळ्या पार्श्वभूमीवर मधाचे थेंब, फुलपाखरे, आतषबाजी. चिरंजीव म्हणाले, "काका, यावर आमच्या घरी लागतं ते चॅनल लावा की." दुकानदाराने आढेवेढे घेत लावले. मालिका चालू होती. दिवाणखाना लख्ख उजळलेला, सोफा गुलाबी, भिंती पिवळ्या. काळे म्हणून काही नव्हतेच, सासूबाईंच्या केसांखेरीज. ओळीतले तिन्ही संच एकमेकांसारखे दिसू लागले. त्यातही साध्या चॅनलचे चित्र इतक्या मोठ्या पडद्यावर ताणले की ओठ आणि कान विसविशीत होतात, आणि ते तिन्हींवर सारखेच विसविशीत झाले. मोठा संच घेणाऱ्याने ही परीक्षा जरूर घ्यावी. आपण घरात जे पाहतो तेच दुकानात लावायला सांगावे.

पण मी ठरवून आलो होतो. दोन दिवसांत पैसे घेऊन येतो, असे सांगून आम्ही परतलो.

ते जमले नाही. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो इकडचा माणूस विसरणार नाही. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात दुष्काळासाठी छापून यायचे, तेथे सिंदफणा पात्र सोडून वाहिली. उभा कापूस आणि सोयाबीन पाण्याखाली गेले; कोठे कोठे रानातली मातीच खरवडून गेली. आमचे घर उंचावर आहे. पाणी ओसरल्यावर मी नदीच्या बाजूला गेलो, तेव्हा लोकांनी घरातले सामान उन्हात मांडले होते. गाद्या, पोत्यांतले धान्य, मुलांच्या वह्या. आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एक टीव्ही, काचेवर चिखलाची रेघ अर्ध्यापर्यंत. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या वह्या एकेक पान सुटे करून वाळवीत होती. अशा आठवड्यात सव्वा लाखाचे खोके टेम्पोतून घरापुढे उतरवायला पाय उचलेना. चिरंजिवांनीही विषय काढला नाही.

खरेदी लांबली म्हणून चौकशीला सवड मिळाली. दाजींशी फोनवर बोललो, आणखी दोघांतिघांना विचारले. तेव्हा ओलेडची जी बाजू दुकानात कळत नाही ती कळली. पणत्यांचे तेल संपते, ही ती बाजू. सेंद्रिय थर वापराने थकतात. त्यांत निळा लवकर थकतो. सगळ्या पणत्या सारख्या जळल्या तर सगळ्या सारख्या मंदावतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण एकाच जागी एकच गोष्ट रोज तासन् तास उजळत राहिली, तर तेथल्या पणत्या इतरांच्या आधी थकतात आणि तेथे कायमचा डाग उमटतो. बातम्यांच्या वाहिनीची तळाची लाल पट्टी, कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह, ही अशी ठिकाणे. निरनिराळे कार्यक्रम, चित्रपट, सामने पाहणाऱ्याला याची फारशी भीती नाही. नव्या संचांत त्यावर पुष्कळ उपाय केलेले आहेत. पण आमच्या आईची वाहिनी एक, ती दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत चालते, आणि त्या वाहिनीचे चिन्ह उजव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसलेले असते. असा डाग पुष्कळ कंपन्या वॉरंटीत धरीत नाहीत. पडदा बदलायचा म्हटले तर खर्च नव्या संचाच्या जवळपास जातो.

दुसरी गोष्ट तर आमच्या घराला अगदीच न मानवणारी. ओलेड रिमोटने बंद केला की तो लगेच झोपत नाही. दिवसभराच्या वापरात पणत्यांत जो उणा-अधिकपणा आला असेल तो तो आपल्या आपण तपासतो आणि सारखा करतो. त्यासाठी भिंतीवरचे बटण चालू ठेवावे लागते. आमच्याकडे रात्री शेवटी झोपणारा माणूस भिंतीवरची सगळी बटणे बंद करून झोपतो. ही वडिलांची शिस्त, आई ती आजही पाळून घेते. ती चुकीची आहे असेही नाही. विजेचा दाब कधी वर, कधी खाली. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की टीव्हीची पिनच काढून ठेवणारी घरे आमच्या आळीत कमी नाहीत. लाईट गेली तर कधी येईल ते महावितरणलाच ठाऊक. शिवाय संच बिघडला तर कारागीर बीडहून यायचा, आणि बीडच्याला उमगले नाही तर छत्रपती संभाजीनगरहून. पुण्यात दाजींच्या दारात दुसऱ्या दिवशी माणूस उभा राहतो. तेव्हा पुण्याचा सव्वा लाख आणि शिरूर कासारचा सव्वा लाख एक नव्हे.

इतके कळूनही मी आईच्या कारणाला चिकटून होतो. चार वर्षे टिकला तरी चालेल, पण तिला नीट दिसू दे, असे मी सौ.ला म्हणालो. सौ. म्हणाली, "दिवाळी तर होऊ द्या."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पूजा आटोपल्यावर सौ.ने आणि मुलीने ओट्यावर पणत्या मांडल्या. आईला खुर्ची आणून दिली. त्या वर्षी गावात फटाके कमीच वाजत होते. बराच वेळ ती पणत्यांकडे पाहत बसली आणि मग सौ.ला म्हणाली, "ह्या पणत्यांला खळं का गं पडलंय?"

"कसलं खळं?"

"चंद्राला पडतंय की, तसलं. समद्याच पणत्यांला पडायलंय. तेलात पाणी गेलंय का काय?"

मी हातात फुलबाजी धरून उभा होतो. दुकानदाराने सांगितलेले तिसरे लक्षण मला आठवले: काळ्यावर पांढरे आले की त्याच्याभोवती उजेडाचे कडे. पण येथे टीव्ही नव्हता. येथे मातीच्या पणत्या होत्या आणि मधे होते ते फक्त आईचे डोळे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी तिला बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाच मिनिटांत सांगितले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यातला चांगला पिकलेला. "दोन-तीन वर्षांपासून कमी दिसत असणार. तुमच्या लक्षात नाही आलं?" असे त्यांनी मला विचारले, आणि मी काय उत्तर देणार! दोन-तीन वर्षे आम्ही काच पुशीत होतो. तिला माणसांची तोंडे ओळखू येत नव्हती, ती पडद्यावरची तेवढीच नव्हेत. वाड्यातली एक बाई दारात येऊन उभी राहिली की आई हल्ली "कोण, कोण गं ती?" असे विचारी, आणि आम्ही ते म्हातारपणाचे विचारणे समजत होतो.

डोळ्यातले स्वच्छ भिंग वयाने गढूळ आणि पिवळट होते. उजेड त्यातून सरळ न जाता विखुरतो. म्हणून धूर दिसतो, दिव्यांना खळे पडते आणि झगझगाट सोसत नाही. ते भिंग काढून कृत्रिम बसवणे हा त्यावरचा उपाय. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. आम्ही सोयीसाठी खाजगीत केली. कार्तिकात एक डोळा, महिन्याभराने दुसरा. दोन्ही मिळून खर्च झाला तो साध्या आणि ओलेडच्या किमतीतल्या अंतराहून कमीच.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आठवड्याने आई पुन्हा आपल्या दिवाणावर बसली आणि तोच जुना बत्तीस इंची टीव्ही लावला. थोड्या वेळाने तिने हाक मारली. "आरं, ह्या थोरल्या सुनंचं पातळ निळं हाय व्हय? मी आपली दोन वर्षं तिला मातकट नेसलीया म्हणायलेय." पिवळे भिंग गेले की निळा रंग एकदम उठून दिसतो, असे डॉक्टरांनी सांगितले होतेच. त्या दिवशी तिने घरातल्या पुष्कळ वस्तूंचे रंग नव्याने विचारले. भिंतीच्या कोपऱ्यातली जळमटेही तिला दिसली, आणि सौ.ला त्याबद्दल दोन शब्द ऐकावे लागले.

मग टीव्हीचे काय? चिरंजीव हे विचारायला विसरले नाहीत, आणि वाचकही विसरले नसतील.

माझे आताचे मत असे. ओलेडचे जास्तीचे पैसे आपण काळोखासाठी मोजतो. ज्याच्या घरात खोली खरोखर अंधारी करता येते, जो रात्री दिवे मालवून दोन तास एक चित्रपट सलग पाहतो, आणि ज्याला चांगल्या प्रतीचे चित्र घरी आणण्याची सोय आहे, त्याला ते पैसे फुकट गेले असे कधी वाटणार नाही. क्रिकेटचा वेडा असेल तर त्यालाही. चेंडूमागची शेपटी यात दिसत नाही. बैठकीत चार बाजूंनी चार माणसे बसत असतील तर सगळ्यांना सारखे दिसते, हाही गुण लहान नव्हे. उलट ज्या घरात बैठकीचे दार दिवसभर रस्त्यावर उघडे, दुपारचे ऊन समोरच्या भिंतीवर, एकच वाहिनी सकाळ-संध्याकाळ, तेथे त्या पैशांत काही मिळत नाही. मिळतो तो पुढेमागे कोपऱ्यातला डाग. अशा घराने उजेडात उभा राहणारा मिनी-एलईडी घ्यावा, नाहीतर साधा घेऊन उरलेले पैसे गाठीला ठेवावेत.

आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या लोभाने कोणी ओलेड घेणार असेल तर त्याला एक सांगायला हवे. मला स्वतःला तो लोभ होता. जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. तो किंवा 'सिंहासन' हे कृष्णधवल चित्रपट, काळे खरे काळे दिसेल अशा पडद्यावर पाहावेत, असे मनात फार होते. पण घरबसल्या आपल्याला ज्या प्रती मिळतात त्यांतल्या पुष्कळ मुळातच पुसट आहेत. प्रतीत जो काळोख उरलेला नाही तो पणती विझवून परत येत नाही. चांगल्या दुरुस्त केलेल्या प्रती निघतील त्या दिवशी मी पुन्हा हिशेब करीन.

तूर्त आमचा बत्तीस इंची संच जागेवर आहे. आईचा दिवाण मात्र आम्ही हलवून त्याच्या समोर आणला. ते काम नऊ वर्षे कोणाला सुचले नव्हते, आणि त्याला एक पैसा पडला नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन पुण्याला गेलो. रात्री दाजींनी हौसेने पडदे ओढले, दिवे घालवले आणि हिमालयातल्या पक्ष्यांचा एक माहितीपट लावला. काळ्याभोर आभाळातून पांढरे पक्षी चालले होते. खोलीत दुसरे काही दिसत नव्हते. आई पाच-सात मिनिटे मन लावून पाहत बसली.

"कसं दिसतंय, आई?" दाजींनी विचारले.

"लई झ्याक हाय, जावईबापू," ती म्हणाली. "पर तेवढा दिवा लावा. मला तुमची कुनाची तोंडं दिसंनात."

दाजींनी उठून दिवा लावला. पक्ष्यांच्या मधोमध पडद्याच्या काचेत ट्यूब उमटली, आणि तिच्याखाली आम्ही सगळे ओळीने बसलेले दिसलो.